झाडाखाली हसणारी मुलगी

शुक्रवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता पेंटर एवढंच म्हणाला, "थांब गं. बटण दाबू नकोस. मी जाऊन बघून येतो."

घरात आग लागली नव्हती, कुणी आजारी नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसानं "मी जाऊन बघून येतो" म्हटलं की समजावं, दिवस वाया गेला. त्याचाही आणि बाकीच्यांचाही.

पेंटर म्हणजे चित्रं काढणारा नव्हे. पाट्या रंगवणारा. चाळीस वर्षं त्यानं दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या रंगवल्या. स्वतः शाळा चौथीत सोडली, पण अक्षर असं की हेडमास्तर रस्त्यात थांबून बघायचे. (शुद्धलेखन गिऱ्हाइकाचं, अक्षर पेंटरचं, अशी वाटणी होती.) त्याचा एक नेम होता. खोटी पाटी रंगवायची नाही. एका डॉक्टरनं नसलेली पदवी नावापुढे लिहायला सांगितली, तेव्हा पेंटरनं ब्रश धुतला आणि सरळ घरी आला. दुसरा नेम, पाटीवर लिहिलेलं पाळायचं. 'गवतावर चालू नये' अशी पाटी असली, तर गवत वाळून त्याची माती झाली तरी पेंटर वळसा घालून जायचा. बायको म्हणायची, "माझं एक ऐकत नाहीत. तेच पत्र्यावर लिहून टांगलं असतं तर ऐकलं असतं."

तर बारकी. म्हणजे पेंटरची नात. म्हणायला बारकी, पण आता आजोबांपेक्षा वीतभर उंच. तिला विद्यापीठाचा फॉर्म भरायचा होता, मोबाईलवर, त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. त्यात एक विषय निवडायचा. एकदा बटण दाबलं की तीन वर्षं तोच. बदल नाही, दयामाया नाही. तिच्या मनात दोन विषय होते, भूगर्भशास्त्र आणि संख्याशास्त्र. चार दिवस ती दोन्ही विषयांची पानं उघडत होती आणि कपाळाला आठ्या घालून मिटत होती.

"एवढं काय लिहिलंय त्यात?" पेंटरनं विचारलं.

"तुम्हीच वाचा."

पेंटरनं मोबाईल हातभर लांब धरला. "'भूगर्भशास्त्र विभागात आपले स्वागत आहे. उत्कृष्टतेची परंपरा जपत, जागतिक दृष्टिकोन बाळगत, सर्वांगीण विकासाच्या वाटेवर...' अगं, पण दगड कुठे आहेत?"

"तेच ना! खालपर्यंत बघा. दगड हा शब्दच नाही."

"त्या दुसऱ्याचं काढ."

"'संख्याशास्त्र विभागात आपले स्वागत आहे. उत्कृष्टतेची परंपरा जपत...'"

"पुरे. यात आकडा एकही नसणार."

"एक आहे. स्थापनेचं साल."

बारकी वैतागली होती. "आजोबा, मला फार नको आहे. सकाळी तिथे जाऊन नक्की काय करायचं ते सांगा. कोण शिकवतं ते सांगा. किती जण नापास होतात, आणि जे पास होतात त्यांचं पुढे काय होतं. एवढंच. ते सोडून सगळं लिहिलंय."

पेंटरला हे एकदम पटलं. दुकानाची पाटी तरी दुसरं काय सांगते? आत काय मिळतं, कोण विकतं, दार कधी उघडं. 'उत्कृष्टतेची परंपरा' असं लिहून आजवर कुणी एक किलो खिळे विकले नाहीत.

तेवढ्यात त्याचं लक्ष फोटोकडे गेलं. एक झाड. झाडाखाली चार जण. मधोमध एक मुलगी, मांडीवर जाडजूड पुस्तक, आणि हसतेय अशी की शेवटची दाढसुद्धा दिसावी. संख्याशास्त्राच्या पानावर तेच झाड, तीच मुलगी, तीच दाढ.

"ही दोन्हीकडे शिकते?"

बारकीनं भराभर पानं उघडली. रसायन, इतिहास, तत्त्वज्ञान, वाणिज्य. सगळीकडे ती बया झाडाखाली हसत बसलेली. "एकतीस विषय झाले, आजोबा."

"एकतीस विषय शिकूनही हसतेय! मग दुसऱ्या कुणाला कशाला विचारायचं? हिलाच गाठतो." आणि तेव्हा तो ते वाक्य बोलला. बघून येतो.

आतून बायको म्हणाली, "अहो, मागे एकदा आला होतात ना बघून? तेवढं पुरे झालं."

कोपऱ्यात बारकीचा बाप पाण्याचा फिल्टर उघडून बसला होता, त्याचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

त्याचं असं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मुलाचा विषय पेंटरनंच निवडला होता. तेव्हा विद्यापीठातल्या सगळ्या विभागांच्या पाट्या रंगवायचं काम त्याच्याकडे होतं. कुठलं नाव फार लांब, कुठलं फार तोकडं, कुठे शेवटचं अक्षर पाटीच्या काठावर जाऊन पडायचं. 'लोकप्रशासन विभाग' मात्र असा झक्क एका ओळीत बसला, की दोन्ही बाजूंना बरोब्बर चार-चार बोटं जागा उरली. पेंटर घरी आला आणि म्हणाला, "पोराला हाच विषय." पोरगा तीन वर्षं शिकला. काय शिकला, ते त्याला आजतागायत सांगता आलेलं नाही. आता घरोघर जाऊन पाण्याचे फिल्टर बसवतो, आणि तक्रार करत नाही. तक्रार करत नाही हेच पेंटरला सलतं.

"या वेळी विचारूनच येतो," पेंटर खालमानेनं म्हणाला. "बारके, चारपर्यंत फोन करतो. तोवर बटण दाबायचं नाही. शप्पथ?"

"चार म्हणजे चार हं, आजोबा."

नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यानं त्या मुलीचा रंगीत फोटो काढून घेतला. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "कोण हरवलंय?" पेंटर म्हणाला, "अजून कळायचंय."

विद्यापीठात 'चौकशी' अशी पाटी होती. (त्याचीच. खालचा बाण उडाला होता.) खिडकीत एक बाई स्वेटर विणत होत्या.

"बाई, भूगर्भशास्त्रात काय शिकवतात?"

"वेबसाईटवर आहे."

"वेबसाईटवर लिहिलंय, अधिक माहितीसाठी चौकशी खिडकीत भेटा."

"मग भेटलात ना?"

"भेटलो."

"मग झालं तर." आणि बाईंनी पुढची ओळ विणायला घेतली.

पेंटरनं खिशातला कागद काढून काचेला लावला. "मग ही मुलगी कुठे भेटेल?"

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा जीव आला. "अगंबाई, ही? ही आमची टायपिस्ट. परीक्षा विभाग, दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावर गठ्ठ्यांच्या मागे टायपिस्ट बसली होती. फोटोतल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, नाकावर चष्मा, आणि चेहरा असा की हिला हसू म्हणजे काय ते सांगावं लागेल.

"तुम्ही एकतीस विषय शिकलात?"

"मी टायपिंग शिकले. चाळीसचा स्पीड." तिनं फोटो हातात घेतला. "नोकरीला लागून तेव्हा चौथा दिवस होता. म्हणाले, झाडाखाली बसा. बसले. म्हणाले, हसा. अर्धा तास हसत होते. त्यानंतर इथे हसण्यासारखं काही झालं नाही, काका."

"आणि हे बाकीचे तिघं?"

"हा ड्रायव्हर. हा कॅन्टीनचा. आणि हा कोण ते कुणालाच माहीत नाही. पत्ता विचारायला आला होता."

"मांडीवरचं पुस्तक तरी?"

टायपिस्टनं खालचा ड्रॉवर ओढला आणि एक टेलिफोन डिरेक्टरी काढून टेबलावर आपटली. "ही. अजून जपून ठेवलीय."

पेंटर मटकन खुर्चीत बसला. सकाळपासूनची सगळी मदार त्या मुलीवर होती. टायपिस्टला दया आली. "काका, दोन वाजता खालच्या हॉलमध्ये सभा आहे. विषयांच्या पानांवर नव्या मुलांना काय वाचायला हवंय, तेच मुलांना विचारणार आहेत. भूगर्भशास्त्राचे सरही असतील. तिथे जा."

हॉलच्या दारावर कागद चिकटवला होता. 'फक्त इच्छुक विद्यार्थी. पालकांना प्रवेश नाही.' त्याच्या वर पत्र्याची जुनी पाटी, 'मोबाईल बंद ठेवा'. पेंटरचंच अक्षर. आता स्वतःच्या अक्षराचा अपमान तो कसा करणार? त्यानं मोबाईल बंद केला. नुसता आवाज नव्हे, अख्खा मोबाईल. राहिला तो कागद. पाच मिनिटं तो दारात उभा राहिला. पाटी मोडायची नाही, हा जन्माचा नेम. मग पाटी तीच ठेवून माणूस बदलला तर? पेंटरनं केसांना पाणी लावलं, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि एकाहत्तराव्या वर्षी विद्यार्थी होऊन आत शिरला.

आत चाळीस खुर्च्या आणि एक बशीभर बिस्किटं. विद्यार्थी शून्य. (सभेची सूचना वेबसाईटवर लावली होती. ती कुणाला सापडली नव्हती.) समोर तिघं बसले होते. एक अध्यक्षबाई. एक वेबसाईटचा सल्लागार, ज्याचा कोट बहुतेक त्याच्या धाकट्या भावाचा असावा. आणि कडेला एक पांढऱ्या मिशीचे सर, खिडकीबाहेर बघत बसलेले.

"आपण इच्छुक विद्यार्थी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो," पेंटर म्हणाला. आयुष्यातली पहिली खोटी पाटी, आणि तीसुद्धा स्वतःच्या गळ्यात.

"वा! प्रौढ गटात कुणीच नव्हतं," म्हणत सल्लागारानं कागदावर खूण केली. मग त्यानं पडद्यावर रंगीत गोल दाखवले. "आमच्या अभ्यासानुसार विद्यार्थ्यांना पानावर प्रेरणा हवी असते. आपल्याला काय वाटतं?"

"प्रेरणा घरी असते. आई रोज सकाळी अंथरुणातून ओढून देते. सोमवारी दहा वाजता वर्गात काय शिकवणार, ते लिहा."

"तो खूप डिटेल झाला, काका. पान म्हणजे एक अनुभव असतो."

"हॉटेलच्या पाटीवर 'अनुभव' लिहिलं तर गिऱ्हाईक आत येईल का? ते विचारतं, जेवायला काय आहे. शंभरातले किती नापास होतात, तेही लिहा."

अध्यक्षबाई दचकल्या. "अहो, ते वाचून कोण येईल?"

"ज्याला यायचंय तो येईल. ज्याला यायचं नाही त्याला फसवून आणून काय लोणचं घालायचंय? तीन वर्षं बसतो बिचारा, आणि पंचवीस वर्षं बापाला काही बोलत नाही." शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं निघालं. कुणाला ते कळलं नाही. पण कडेचे मिशीवाले सर खिडकी सोडून पेंटरकडे बघायला लागले.

"मी लिहून दिलं होतं हो," सर म्हणाले. "मी भूगर्भशास्त्राचा. मंगळवारी आम्ही दगड फोडतो. महिन्यातून एकदा डोंगरावर नेतो, पायाला फोड येतात. तिसातले आठ पहिल्या वर्षी गळतात. उरलेले धरणावर जातात, खाणीत जातात, विहिरीला पाणी कुठे लागेल ते सांगतात. दोन पानं लिहिली होती मी."

"मग कुठे गेली?"

"आम्ही ती जरा हलकी केली," सल्लागार म्हणाला. "फोड आणि गळती जरा निगेटिव्ह वाटत होतं."

"आणि दगड?"

"दगडाला एंगेजमेंट नाही."

पेंटर उठला. बारकीला जे पाहिजे ते सगळं या एका माणसाच्या मिशीखाली होतं! खरं तर त्यानं तेव्हाच बाहेर जाऊन फोन करायचा. घड्याळात तीनसुद्धा वाजले नव्हते. पण समोर भिंतभर काळा फळा होता, खाली नवाकोरा खडू होता, आणि पाट्या रंगवणाऱ्या माणसाला एवढा मोठा रिकामा फळा दाखवणं म्हणजे उपाशी माणसाला ताट दाखवणं.

"सर, तुम्ही सांगा. मी लिहितो. पान कसं असतं ते यांना दाखवू."

आता कुणीही लिहिलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं. पेंटर आधी दोरी मागायला लागला. वरून टायपिस्टनं गठ्ठ्याची सुतळी आणून दिली आणि ती बघायला तिथेच थांबली. तिला खडू फासून त्यानं ओळी मारल्या. मग प्रत्येक अक्षराची बाहेरची रेघ. मग आतला रंग. मग उजवीकडून सावली. 'भूगर्भशास्त्र' या एका शब्दाला पाऊण तास गेला. 'मंगळवार: दगड फोडणे' याच्या शेजारी त्यानं हातोडा काढला. 'गळती: तिसात आठ' हे लाल खडूनं. सर सांगत होते, पेंटर लिहीत होता, अध्यक्षबाई शेवटचं बिस्किट खात होत्या. फळा झाला, तेव्हा मिशीवाले सर चष्मा पुसत म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. आपण काय शिकवतो ते आज पहिल्यांदा दिसलं."

सल्लागारानं फळ्याचा फोटो काढला आणि एक कागद पुढे केला. "सही करा, काका." पेंटरच्या धंद्यात नमुना पास झाला की सही होते, त्यामुळे त्यानं सही ठोकली. वाचला नाही. बारीक अक्षरातलं तो कधीच वाचत नाही. ज्याला दाखवायचं असतं तो मोठं लिहितो, असं त्याचं म्हणणं.

"आता एक फोटो झाडाखाली. हातात एखादं जाड पुस्तक हवं होतं..."

टायपिस्ट डिरेक्टरी घेऊनच उभी होती. "घ्या, काका. खांदे सरळ राहतात." आणि सल्लागाराच्या पाठीमागे उभी राहून तिनं असं तोंड वेंगाडलं, अगदी बारा वर्षांपूर्वीच्या फोटोतल्यासारखं, की पेंटरला खो खो हसू फुटलं. कवळी हलेपर्यंत. खटकन फोटो निघाला.

मग त्यानं मोबाईल चालू केला. पाच वाजून दहा मिनिटं. बारकीचे सतरा फोन येऊन गेले होते.

पेंटरनं धावत जाऊन रिक्षा पकडली. डोळ्यांसमोर बारकी दिसत होती, पंचवीस वर्षांनी, कोपऱ्यात फिल्टर उघडून, तक्रार न करता. दारातूनच तो ओरडला, "बारके! भूगर्भशास्त्र! दगड फोडायचे! तिसात आठ गळतात!"

"आणि डोंगरावर पायाला फोड येतात," बारकी शांतपणे म्हणाली. "साडेचारलाच भरला फॉर्म. भूगर्भशास्त्र."

"तुला कुणी सांगितलं?"

"वरच्या मजल्यावरच्या प्लंबरकाकांची मुलगी तिथेच दुसऱ्या वर्षाला आहे. जिन्यात भेटली. दहा मिनिटांत सगळं सांगितलं. चप्पल घालून जाऊ नकोस म्हणाली, बूट घे."

"वरच्या मजल्यावर?"

बायको म्हणाली, "तीस वर्षं इथे राहतोय. वर कोण राहतं ते बघून येतो, असं कधी म्हणालात का?"

पेंटर चपला काढायला खाली वाकला. पण त्या दिवशी त्याचं पाणी उतरलं तरी मन हलकं होतं. बारकीनं तरी डोळे उघडे ठेवून निवडलं. आणि विद्यापीठात भिंतभर एक खरी पाटी आपण लिहून आलो, पुढच्या पोरांचं भलं होईल, एवढं समाधान त्यानं उशाला घेतलं.

दोन महिन्यांनी नवी वेबसाईट आली. बारकीनं मोबाईल आजोबांच्या पुढ्यात धरला आणि स्वतः तोंड फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

फळा नव्हता. दगड नव्हते, हातोडा नव्हता, तिसात आठ नव्हते. 'उत्कृष्टतेची परंपरा' होती. तिच्याखाली तेच झाड, आणि झाडाखाली टेलिफोन डिरेक्टरी मांडीवर घेऊन, कवळी दाखवत, पोट धरून हसणारा पेंटर. खाली ओळ, 'आमचा विद्यार्थी म्हणतो: इथे मला माझं आकाश सापडलं!'

"आकाश?" पेंटर ओरडला. "भूगर्भात?"

"संख्याशास्त्रातपण तुम्हीच आहात, आजोबा. एकतीसच्या एकतीस. वर्गात मला तुमची ज्युनियर म्हणतात."

बायको पदरात तोंड लपवून आत गेली. चाळीस वर्षं खोटी पाटी न रंगवणारा माणूस आता एकतीस ठिकाणी टांगलेला होता. तो तक्रार करायला विद्यापीठातही जाऊन आला. स्वेटरवाल्या बाईंनी त्याला ओळखलं, आणि म्हणाल्या, वेबसाईटवर तक्रारीचं पान आहे.

पुढच्या वर्षी, फॉर्मच्या दिवसांत, रविवारी दुपारी दाराची कडी वाजली. बाहेर एक बाई उभ्या होत्या. घामाघूम, हातात रंगीत कागद. त्यांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा पेंटरच्या तोंडाकडे.

"तुम्हीच ना हे? झेरॉक्सवाल्यानं घर दाखवलं. बरं झालं बाई सापडलात! माझ्या मुलीचा फॉर्म उद्या बंद होतोय. चार दिवस शोधतेय, कुणी धड सांगत नाही. तुम्ही शिकलाय म्हणून विचारते. लोकप्रशासनात काय शिकवतात हो?"

पेंटरनं मान वळवून आत बघितलं. कोपऱ्यात मुलगा फिल्टर उघडून बसला होता. "अरे, ऐकलंस का? सांग यांना." मुलानं एकदा बापाकडे बघितलं, विचार केला, बराच विचार केला, आणि पुन्हा स्क्रू फिरवायला लागला.

बाई आशेनं बघत होत्या. खोटं तर बोलायचं नव्हतं. पेंटरनं घसा खाकरला.

"नाव चांगलं आहे, बाई. पाटीवर एका ओळीत बसतं. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरते."

बाईंनी पर्समधून पेन काढलं, कागद दाराला टेकवला, आणि पेंटरच्या हसऱ्या फोटोखाली ते अक्षरन् अक्षर लिहून घेतलं.

"उपकार झाले हो," त्या म्हणाल्या. "एवढं तरी कुणी नीट सांगितलं."